रायनएअरला लुटारू म्हणणाऱ्यांसाठी

डब्लिनचा_सदा
परवा इथे एकानं लिहिलं, "रायनएअर म्हणजे निव्वळ लुटारू. दहा युरोचं तिकीट दाखवून शंभर काढतात. अशा कंपन्या बंदच करायला हव्यात." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९८५ मध्ये वॉटरफर्डहून गॅटविकला पंधरा सिटांचं विमान सोडणाऱ्या या आयरिश स्वस्त विमान कंपनीनं मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात २० कोटी माणसं नेली. युरोपात त्याआधी कुणाला हे जमलं नव्हतं. नुसत्या लुटीवर वीस कोटी माणसं परत परत येतात का? कंपनीचा प्रमुख मायकल ओ'लिअरी अमेरिकेत साउथवेस्ट या स्वस्त विमान कंपनीकडून जे शिकून आला ते त्यानं पार टोकाला नेलं. जवळजवळ सगळा ताफा बोइंग ७३७, त्यामुळे वैमानिक, मेकॅनिक, सुटे भाग कुठेही चालतात. विमान उतरल्यापासून २५ मिनिटांत परत निघायचं. खिडकीत बसून एकदा बघा: पुढचा जिना विमानाच्या पोटातूनच बाहेर येतो, मागच्या दाराला शिडी लागते, माणसं दोन्हीकडून उतरत असतानाच क्रू कचरा गोळा करायला लागतो. सिटांना मागे खिसेच नाहीत, मग त्यात अडकलेले कागद काढत बसायला नको. २००१ च्या हल्ल्यानंतर बाकीच्या कंपन्या ऑर्डरी रद्द करत होत्या, तेव्हा यांनी जानेवारी २००२ मध्ये १०० विमानं मागवली आणि बोइंगकडून भाव पाडून घेतला. याला धंदा कळणं म्हणतात.

राईनकाठची
धंदा कळतो हे मान्य. पण तो कुणाच्या जिवावर, तेही लिहा. "फ्रँकफुर्ट" म्हणून वर्षानुवर्षं हानच्या विमानतळावर उतरवलं, शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर! रात्री उशिरा विमान आलं की बसच्या रांगेत कुडकुडत उभं राहायचं. आणि या आडगावच्या विमानतळांनी दिलेल्या सवलती येतात कुठून? बेल्जियममधल्या शार्लरोआ विमानतळाचं प्रकरण आठवा. २००४ मध्ये युरोपियन कमिशननं त्यातल्या काही सवलती बेकायदा ठरवल्या होत्या. लोकांच्या करातून तुमचं तिकीट स्वस्त होतंय.

डब्लिनचा_सदा
अर्धीच गोष्ट सांगू नका. तोच निर्णय २००८ मध्ये कोर्टानं रद्द केला. आणि ही विमानं जायला लागायच्या आधी इटलीतलं बेर्गामो, स्पेनमधलं जिरोना ही नावं किती जणांना माहीत होती?

राईनकाठची
कोर्टानं रद्द केला, ठीक आहे, तो मुद्दा सोडते. २०१७ चं काय? वैमानिकांच्या सुट्ट्यांचा घोळ घातला आणि हजारो उड्डाणं रद्द केली. तोपर्यंत युनियनला दारातही उभं करत नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये नाताळच्या तोंडावर संपाची धमकी आली तेव्हा कुठे मान्यता दिली. माझी भाची एका दुसऱ्या स्वस्त कंपनीत केबिन क्रू होती. विमान जमिनीवर असेल त्या वेळेचे पैसे नाहीत. ते २५ मिनिटांचं कौतुक तिला सांगा.

म्युनिकचा_मामा
तुम्ही दोघं हान आणि शार्लरोआ करत बसा. आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. युरोपाबाहेरचा पासपोर्ट असला की ऑनलाइन चेक-इन करूनही काउंटरवर जाऊन कागदपत्रं तपासून घ्यायची. ती तपासणी झाली नसेल तर गेटवरून परत. एका कंपनीनं (नाव घेत नाही) मला असंच अडवलं. जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड हातात, जायचं इटलीला, आणि ती बाई विचारते व्हिसा कुठाय! शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आत त्या कार्डावर फिरता येतं हे मी तिला समजावत होतो आणि मागची रांग माझ्याकडे चोरासारखं बघत होती. तिकीट गेलं, हॉटेल गेलं.

कॉर्कची_मुग्धा
मामा, अगदी! पण उलटंही होतं. आमच्या कॉलेजातली पुण्याची दोन मुलं आयरिश कार्डावर बार्सिलोनाला निघाली होती. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, हे त्यांना काउंटरवर कळलं. तिथे मात्र कंपनी बरोबर होती.

डब्लिनचा_सदा
तेच म्हणतोय. चुकीच्या कागदांवर माणूस नेला तर हजारो युरोचा दंड कंपनीला, परत आणायचा खर्चही तिचाच. नियम सरकारांनी केले आणि राग स्वस्त कंपनीवर.

म्युनिकचा_मामा
सदाभाऊ, दंड सगळ्याच कंपन्यांना आहे. मग लुफ्तान्साच्या गेटवर मला असं कधी का झालं नाही? माणसं कमी ठेवायची, शिकवायचं नाही, आणि शंका आली की तपकिरी माणसाला बाजूला काढायचं. तुम्ही एकदा त्या गेटवर बायकोपोरांसमोर उभे राहा, मग हिशोब शिकवा.

डब्लिनचा_सदा
मीही भारतीय पासपोर्टवरच फिरतो, मामा. मला शिकवू नका.

कॉर्कची_मुग्धा
भांडू नका हो. कुणी नवीन वाचत असेल तर: कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही सोबत ठेवा, सिक्युरिटीआधी काउंटर गाठा.

राईनकाठची
आणि बॅगा राहिल्याच की. केबिनमध्ये न्यायच्या बॅगेचे वेगळे पैसे लावल्यासारख्या गोष्टींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेननं पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरो दंड ठोकला. त्यात सर्वात मोठा वाटा, १० कोटींच्या वर, तुमच्या लाडक्या कंपनीचा. २०१० च्या ज्वालामुखीच्या राखेत अडकलेल्या प्रवाशाच्या जेवण-हॉटेलचा खर्चही हे देत नव्हते. २०१३ मध्ये युरोपच्या न्यायालयानं द्यावाच लागेल म्हटलं.

डब्लिनचा_सदा
राखेचं मान्य, तिथे कंपनी चुकलीच. बॅगांचं नाही. माप आधीच लिहिलेलं असतं, ज्याला जास्त न्यायचं त्यानं पैसे भरावेत. माझी आई डब्लिनला आली तेव्हा तिला रोम दाखवू शकलो ते याच तिकिटामुळे. त्या पगारात दुसऱ्या कंपनीचं परवडलं नसतं. बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की आमच्यासारख्यांनी मग जायचं कसं?

राईनकाठची
बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. क्रूला जमिनीवरच्या वेळेचेही पैसे द्या म्हणतेय. तिकीट पाच युरोनं वाढलं तर तुमच्या आईंचं रोम चुकलं असतं का?

डब्लिनचा_सदा
पाच युरोनं नसतं चुकलं.