शाळेच्या वेळेला एसटी मिळवायची तर अर्ज नेमका कसा करायचा? (सोलापूर जिल्हा)

माळरान_४१३
गाव तालुक्यापासून २८ किमी. एसटी २१ किमीवरच्या मोठ्या गावापर्यंत येते आणि तिथूनच मागं फिरते. पुढचे ७ किमी वडाप (खासगी जीप), नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर तिघं. तालुक्याच्या हायस्कूलला आणि ज्युनिअर कॉलेजला जाणारी ४२ मुलं आहेत, त्यात २५ मुली. शाळा १०:३० ते ५, शनिवारी सकाळी ७:३० ला. मोठ्या गावात गाडी ८:५० ला येते, ९ ला निघते. संध्याकाळची तालुक्याहून ५:३० ला.
ग्रामपंचायत ठराव द्यायला तयार आहे. ठरावात काय लिहायचं आणि तो कुणाकडं द्यायचा? "गावास बस सुरू करावी" एवढं पुरतं का? मुक्कामाची गाडी मागावी का?

टप्पा_आणि_फेरी
"बस सुरू करावी" असं लिहू नका. त्याला "गाडी उपलब्ध नाही" हे एका ओळीचं उत्तर तयार असतं. तुम्हाला नवीन गाडी नकोच आहे, चालू फेरी ७ किमी पुढं वाढवून पाहिजे. नवीन फेरीला गाडी, चालक, वाहक असं सगळं नव्यानं उभं करावं लागतं. वाढीव फेरीला जाऊन-येऊन १४ किमी आणि ४० मिनिटं पुरतात.

आता तुमच्याच वेळा मांडून बघा. ८:५० ला मोठं गाव, तिथून १८ मिनिटांत तुमच्याकडं ९:०८. ९:१० ला निघाली तर ९:२८ ला परत मोठ्या गावात, तालुक्याला १०:१३. स्टँडवरून शाळेत चालत जायचं म्हटलं तर जेमतेम. खरी अडचण मोठ्या गावाची आहे. त्यांची ९ ची गाडी साडेनऊवर जाते आणि ती भरून आलेली असते. ते गाव विरोधात गेलं तर तुमचा ठराव फाईलमध्येच राहील. म्हणून सकाळी आगारातून सुटण्याची वेळ २० मिनिटं अलीकडं मागा, म्हणजे त्यांची गाडी ९:०८ ला होईल, आणि त्यांच्याही ग्रामपंचायतीचं पत्र जोडा. तिथं एकदा चहाला जाऊन बसा, काम निम्मं होतं.

अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रक, सोलापूर. दोन्हीकडं आवक क्रमांकाची पोच घ्या. अर्जात चालू फेरीची वेळ, मागितलेली वेळ आणि किलोमीटर लिहा. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र हवं, त्यात इयत्तावार मुलं-मुली आणि शाळेच्या वेळा. शनिवारची वेळ वेगळी लिहा, हे बहुतेक जण विसरतात आणि मग शनिवारी मुलं परत वडापवर.

पासाचा मुद्दाही लिहाच. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, मुलांना एक तृतीयांश भाडं. म्हणजे ४२ जण रोज बसले तरी वाहकाच्या थैलीत दिसणारी रोकड किरकोळ, आणि "फेरीला उत्पन्न नाही" असा शेरा पडतो. तुमच्या गावाच्या नावे किती पास निघू शकतात तो आकडा अर्जातच द्या. बायकांचं तिकीट मार्च २०२३ पासून निम्मं आहे, ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. या सवलतींची भरपाई शासन देतं, पण त्यासाठी तिकीट मशीनमधून निघालं पाहिजे. म्हाताऱ्या माणसानं "मला फुकट आहे, तिकीट कशाला" म्हणू नये. शून्य रुपयांचं तिकीटही मागून घ्यावं. ते निघालं नाही तर तो प्रवासी गाडीत नव्हताच.

साईडपट्टी
अर्जानंतर आगाराकडून रस्त्याची पाहणी होते आणि बरेच अर्ज तिथंच अडकतात. पाहणीच्या आधी गावानं स्वतः एकदा ते ७ किमी चालत बघावेत.

ग्रामीण रस्त्याचं डांबर बहुधा ३.७५ मीटर असतं आणि एसटी अडीच मीटरच्या वर रुंद. समोरून काही आलं की एक चाक साईडपट्टीवर उतरणारच. आपल्याकडं काळी माती. डांबराच्या कडेला वीतभर खड्डा पडला असेल तर पावसात गाडी कलते आणि चालक दुसऱ्या दिवशी यायला नको म्हणतो, त्यात त्याचं चुकत नाही. मुरूम टाकून पट्टी डांबराच्या पातळीला आणा. वेड्या बाभळी दोन्ही बाजूंनी छाटा, फांद्या खिडकीतून आत येतात आणि मुलांचे हात बाहेर असतात. लोंबणाऱ्या विजेच्या तारा टपावर टेकणार नाहीत एवढ्या वर घ्यायला वीज कार्यालयाला आधीच पत्र द्या. ओढ्यावरच्या फरशीवरून (बुटक्या पुलावरून) पाणी वाहतं तेव्हा गाडी कुठं थांबून फिरेल, ती जागाही ठरवून ठेवा.

आणि वळण्याची जागा. एका दमात वळायला साधारण २५ मीटर व्यासाचं मोकळं पटांगण लागतं. तेवढं नसेल तर टी आकाराचा फाटा चालतो, वाहक खाली उतरून शिट्टी मारत गाडी मागं घेतो. पण त्या फाट्यावर पानटपरी, उभी ट्रॉली, वाळूचा ढीग काही नको. पारापुढची जागा दाखवली जाते, तिथं नेमका बाजारच्या दिवशी मंडप असतो.

ऑक्टोबरनंतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर सुरू होतात. अरुंद रस्त्यावर एसटीला त्यांच्यामागं दहा-पंधरा मिनिटं रांगावं लागतं. वेळापत्रक मागताना हा हंगाम धरूनच मागा.

माळरान_४१३
मुक्कामाचं राहिलं. आणि फक्त शनिवारसाठी मुक्काम मागता येतो का?

टप्पा_आणि_फेरी
मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ प्रमाणे (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) काम दिवसाला ८ तास आणि मधल्या विश्रांतीसह सगळा पसारा १२ तासांत बसवावा लागायचा. पहाटे ५:३० ला ड्यूटीवर आलेला चालक संध्याकाळी ६:३० ला तुमच्या गावात येऊ शकत नाही. म्हणून मुक्कामाच्या गाडीची चालक-वाहक जोडी दुपारी ड्यूटीवर चढते, रात्री गावात थांबते आणि सकाळची फेरी करून उतरते. तुमची शनिवारची गरज त्यातच बसते, सकाळी ६:२० ला निघून ७:२० ला तालुक्यात. पण शुक्रवारपुरता मुक्काम सहसा मिळत नाही, ड्यूटीचं चक्र आठवड्याचं असतं. मागायचा तर रोजचा मागा.

त्याची किंमत गावानं मोजायची असते. दोघांसाठी कडी लागणारी खोली, पंखा, दोन खाटा, पाणी, वापरता येईल असा संडास, गाडीजवळ रात्रभर दिवा. डिझेल चोरीला गेलं की मुक्काम उठलाच समजा. समाजमंदिराची किल्ली कुणाकडं असते ते एका माणसाच्या नावानं ठरवा. रात्री साडेसातला चालक-वाहक किल्ली शोधत गावभर फिरले की आठ दिवसांत तक्रार वर जाते.
आधी फेरी वाढवून घ्या. ती चार-सहा महिने टिकली की मुक्काम मागा.

सीमेवरचा
तुम्ही कर्नाटकच्या कडेला असाल तर एक सांगतो मालक, तिकडच्या गाड्या रस्त्यावरून जातात म्हणून "सोय आहे" असं कुणी म्हटलं तर मानू नका. आपला पास आणि निम्मं तिकीट त्या गाडीत चालत नाही, आणि त्यांची मोफत योजना फक्त त्यांच्या राज्यातल्या बायकांना, त्यांच्याच हद्दीत. अर्जात हे एक वाक्य टाका.

साईडपट्टी
फेरी मिळाली की खरं काम सुरू. वडापवाले एसटीच्या दहा मिनिटं आधी फाट्यावर जीप लावतात. मोठी माणसं, म्हणजे पूर्ण तिकीटवाले, तिकडं जातात आणि एसटीत राहतात पासवाले. गाडीला लिटरमागे साडेचार-पाच किमी पडतात, १४ किमीला तीन लिटर डिझेल जळतं. तेवढं तरी तिकिटांतून दिसायला हवं.

आषाढी-कार्तिकीला गाड्या पंढरपूरकडं वळवल्या जातात, गावच्या फेऱ्या आठ-दहा दिवस बंद राहतात. वारी संपल्यावर पहिल्याच सोमवारी आगारात जाऊन फेरी चालू झाली का बघा, नाहीतर बंद पडलेली तशीच राहते.

दहावीतल्या एखाद्या मुलीकडं वही द्या. रोज तारीख, गाडी आली की नाही, किती वाजता, एवढंच. महिन्याची ती वही आणि माहिती अधिकारात १० रुपये भरून मागितलेली रद्द फेऱ्यांची नोंद समोरासमोर ठेवली की बोलणं सोपं जातं. २०२४ पासून आगारात प्रवासी राजा दिन घेतात, विभाग नियंत्रक स्वतः येतात. वही घेऊन तिथं जा.

माळरान_४१३
मोठ्या गावच्या सरपंचांशी बोललो, पत्र देतो म्हणाले. अट एकच, त्यांची गाडी ९:१० च्या पुढं जायची नाही. उद्या टेप घेऊन फाटा मोजतो.