प्रतिसाद: चहा गढूळ का होतो

आइस्ड टीसाठी केलेला कडक, बिनदुधाचा चहा फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो, म्हणून तुम्ही तो ओतून देता? अहो, तो बिघडलेला नसतो! चहातलं कॅफीन आणि टॅनिनसारखे घटक गारव्यात एकमेकांना चिकटतात, त्याचा तो ढग. थोडं उकळतं पाणी घातलं की बराचसा निवळतो.

मी तर आता उकळतच नाही. रात्री 1 लिटर गार पाण्यात 8–10 ग्रॅम पानांचा चहा (अमृततुल्यवाली बारीक पावडर नको, ती दुधासाठीच) टाकून फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी गाळते. गार पाण्यात तुरटपणा कमी उतरतो. मंडईतून आणलेल्या गवती चहाची दोन-तीन पाती मात्र वेगळी उकळून, गार करून मिसळायची. नुसत्या गार पाण्यात त्यांचा वास म्हणावा तसा येत नाही. साखर गारात नीट विरघळत नाही, म्हणून पाक. आणि बर्फसुद्धा चहाचाच, नाहीतर पुण्याच्या एप्रिलमध्ये पाच मिनिटांत ग्लासात पिवळं पाणी उरतं.

लिंबाने रंग फिका पडला तर घाबरू नका, तसं होतंच.