‘मरिशा’ (१९३५) : लीझलचा पश्चात्ताप खरा मानायचा का?

प्रश्न
योसेफ रोवेन्स्की दिग्दर्शित ‘मरिशा’ हा जुना चेक चित्रपट नुकताच पाहिला. मोराव्हिया या आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रांतातल्या एका खेड्यातला लीझल हा सधन शेतकरी, मुलगी मरिशा हिचा जीव गरीब फ्रांत्सेकवर जडला आहे हे ठाऊक असूनही, तिला वाव्राच्या गळ्यात बांधतो. वाव्रा पाणचक्कीचा मालक, विधुर, पदरी तीन मुले. पुढे लेकीचे हाल पाहून हाच बाप तिला घरी परत ये म्हणतो आणि ती साफ नकार देते. मला तो नकार निव्वळ हट्ट वाटला. आपले मत काय?

प्रतिसाद १
नकार समजून घ्यायचा तर सोयरिकीच्या बोलणीकडे परत जावे लागते. वाव्रा कर्जात बुडालेला असून हुंड्यातून देणी भागवण्याचे त्याचे गणित आहे. लीझलला सोयरीक हवी, पण थैलीची गाठ सैल करायची नाही. गुरांच्या बाजारात शोभावी अशी ही घासाघीस लग्नानंतरही संपत नाही आणि हुंडा हेच सासऱ्या-जावयांतल्या वैराचे कारण होते. अशा वेळी बापाच्या बोलण्यात कणव किती आणि पैसा वाचवण्याची धडपड किती, हा संशय मरिशाला येणारच.

प्रतिसाद २
मला लीझलचा कळवळा खरा वाटतो, फक्त तो फार उशिरा येतो. शिवाय एकट्या बापाला दोष का द्यावा? आईनेही तिला याच लग्नासाठी रेटले होते. मूळ नाटक आलोइस आणि विलेम मर्श्तीक या बंधूंचे, १८९४ सालचे. तेव्हा मोराव्हिया ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता आणि तिथल्या कायद्यानुसार कॅथलिक जोडप्याला विभक्त राहता येई, पण विवाह मोडत नसे. म्हणजे माहेरी आली असती तरी ती वाव्राचीच बायको राहिली असती.

प्रश्नकर्ता
कायद्याची ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. आता मरिशा वाव्राला विष घातलेली कॉफी देते तो प्रसंग वेगळा दिसतो. चव निराळी लागल्यामुळे वाव्रा कॉफी कुठून आणली असे विचारतो, आणि यिर्झिना श्तेप्निच्कोवा यांची मरिशा दुकानाचे नाव सांगावे तितक्याच सहजपणे उत्तर देते. आदल्या रात्रीच त्याने फ्रांत्सेकवर बंदूक झाडलेली असते, तरी तिच्या आवाजात संताप म्हणून नाही.