‘कुकी’चं अनेकवचन काय? (बटणावर बसेल असं हवं)

आठवडीबाजार
एका पतसंस्थेच्या ॲपचं मराठी करतेय. कुकी म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी खूण. तिच्या संमतीच्या सूचनेखाली दोन बटणं आहेत. मी लिहिलं, ‘सर्व कुकी स्वीकारा’ आणि ‘सर्व कुकी नाकारा’. तपासणाऱ्या बाईंनी फाइल परत पाठवली. शेरा असा : ‘कुकी हा मणिपूरमधला समाज आहे. दुसरं बटण असं जाऊ शकत नाही.’

खरं सांगते, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, म्हणून तिकडे अडत नाही. देवनागरीत दोन्ही एकच. २०२३ पासून पेपरात हा शब्द कुठल्या बातम्यांत येतो ते आठवलं आणि चर्रर्र झालं.

मग ‘कुकीज’ लिहू, की मराठी वळणाने ‘कुक्या’? बटणावर अठरा अक्षरं बसतात. शुक्रवारी फाइल द्यायचीय.

बोरूबहाद्दर
कुक्या. यात विचारायचं काय? कंपनी-कंपन्या, बॅटरी-बॅटऱ्या, डायरी-डायऱ्या. ‘कुकीज’ केलंत की पुढे ‘कुकीजना’, ‘कुकीजमुळे’ आलंच. इंग्रजी अनेकवचनाला मराठी विभक्ती, म्हणजे सदऱ्यावर टाय.

मधलीसुट्टी
पक्या, सुन्या, कुक्या. आमच्या चाळीत असता तर नक्की टोपणनावच झालं असतं. ‘सर्व कुक्या नाकारा’ 😄

तिरकसटाक
मुळात उसना शब्द घ्यायचाच कशाला? सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज महापौर म्हणताना कोण हसतं? क्यूबेकमधल्या फ्रेंचांनी कुकीला ‘तेम्वँ’ म्हणजे साक्षीदार हा शब्द ठरवला आणि तो वापरतातही. आपल्याला काय धाड भरली आहे? माझ्याकडून ‘स्मृतिका’.

मधलीसुट्टी
स्मृतिका म्हटलं की मला गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका दिसते. अध्यक्षांचं मनोगत एक पान, जाहिराती नव्वद पानं. तशी चपखल आहे म्हणा.

पाटपाणी
आणि ‘साक्षी’ तर अजिबात नको. आमच्या धाकटीचं नाव आहे. ‘सर्व साक्षी हटवा’ वाचून घरात रडारड होईल.

धरणापलीकडे
नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमधून लिहितोय, चौदा वर्षं झाली इथे. कुकी हा शब्द मूळचा इथलाच. ‘कूक’ म्हणजे केक, त्याचं लाडाचं लहान रूप ‘कुक्ये’, आपल्या डबा-डबीसारखं. इंग्रजांनी नव्हे, अमेरिकेत गेलेल्या डचांनी तो इंग्रजीत नेला. बोरूकाका, ‘कुक्ये’ मराठी कानाला जवळजवळ ‘कुक्या’च लागतं, तेव्हा तुमच्या बाजूने एक मत.

पण तिरकसराव, पुढची गंमत ऐका. डच माणूस ऑफिसात कॉफीबरोबर खातो ते कुक्ये (एकच मिळतं, मग डबा बंद), आणि ब्राउझरमधली मात्र ‘कुकी’, इंग्रजी उच्चारात, अनेकवचन ‘कुकीज’. २०१२ साली इथे कायदा आला त्याचं बोलीतलं नाव ‘कुकीवेट’, कुकीकायदा. ज्यांचा शब्द त्यांनीच तो इंग्रजीतून परत घेतला, आणि आपण शुद्धीकरण करतोय.

तिरकसटाक
डचांनी केलं म्हणून आपण करायचं? मग जेवायलाही साडेपाचला बसा.

शून्यएक
व्युत्पत्ती अर्धीच सांगितलीत. ब्राउझरमधली कुकी खाऊच्या डब्यातून आलेली नाही. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीवाल्यांत ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून होता. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला दिलेली छोटीशी खूण, जिचा अर्थ घेणाऱ्याला कळायची गरज नाही, फक्त जशीच्या तशी परत करायची. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांना प्रश्न पडला की ऑनलाइन दुकानातली टोपली लक्षात कोण ठेवणार? वेबचा सर्व्हर विसरभोळा. प्रत्येक क्लिकला तुम्हाला नव्यानेच भेटतो. त्यांनी ती खूण ब्राउझरकडे ठेवायला दिली आणि नाव तेच ठेवलं.

म्हणून ‘स्मृतिका’ चुकीचं. बहुतेक कुकीत आठवण नसतेच, नुसता एक नंबर असतो. आठवण असते सर्व्हरच्या वहीत.

खारीबटर
शून्यएक, तुम्ही जे सांगितलंत ते आमच्या गल्लीच्या टोकाच्या बेकरीत १९८० च्या सुमाराला चालू होतं.

मे महिन्यात आई मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोडा असं घरचं सामान देऊन मला नानकटाई करायला पाठवायची. पत्र्याचा चौकोनी डबा. भट्टीवाला वर मान न करता डब्याच्या कडीला पत्र्याचा गोल बिल्ला अडकवायचा आणि त्याचा जोड माझ्या हातात. संध्याकाळी बिल्ला दाखवायचा, डबा घ्यायचा. आठ वर्षं गेले, त्याला माझं नाव माहीत नव्हतं. एकदा बिल्ला हरवला. डबा समोर दिसतोय, झाकणावर आईने नेलपॉलिशने केलेली खूणसुद्धा दिसतेय, तरी देईना. घरून आजोबांना आणावं लागलं.

म्हणून माझं मत ‘बिल्ला’.

शून्यएक
खारीबटर, साष्टांग. लॉगिन नेमकं असंच चालतं. आणि उलटही खरं : तुमचा बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर तुमची नानकटाई तो खाणार. म्हणून बिल्ला फक्त बंद पाकिटातून न्यायचा, म्हणजे एचटीटीपीएसवरूनच, आणि पानावरच्या स्क्रिप्टला तो वाचता येऊ नये अशी खूण त्यावर करायची. पतसंस्थेचं ॲप आहे ना? त्यांनी हे केलंय का विचारा. शब्दापेक्षा ते तातडीचं आहे.

पाटपाणी
बिल्ला परत दिला की संपलं. मग ही एवढी संमती कशासाठी मागतात?

शून्यएक
बेकरीच्या बिल्ल्याचं कुणाला काही वाटत नाही हो. असं समजा की त्या बेकरीत, शेजारच्या औषधाच्या दुकानात आणि पलीकडच्या सराफाकडे एकाच जाहिरातवाल्याचा माणूस दारात उभा आहे. त्याने तुम्हाला स्वतःचा एक बिल्ला दिलाय आणि तिन्हीकडे तो नंबर टिपून घेतोय. नाव माहीत नाही, पण ३७ नंबरने सकाळी मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या आणि दुपारी नानकटाई, हे त्याला ठाऊक. ही थर्ड पार्टी कुकी. सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून त्याला दारातच अडवलं. आम्हीही अडवू असं क्रोमने त्याच वर्षी जाहीर केलं आणि जुलै २०२४ मध्ये माघार घेतली.

बोरूबहाद्दर
थर्ड पार्टीला ‘तृतीय पक्ष’ लिहितात तेव्हा निवडणूक लागल्यासारखं वाटतं. आपल्याकडे ‘तिऱ्हाईत’ आहे की. दोघांच्या व्यवहारात ज्याचा संबंध नाही तो तिसरा. तिऱ्हाईत कुकी. एका शब्दात संशयसुद्धा आला.

तिरकसटाक
हा मात्र मान्य. बिनशर्त.

दिवाणीदावा
बिल्ला, कुकी काही करा, पण ‘स्वीकारा’कडे बघा. शाळेत ‘मौनं संमतिलक्षणम्’ घोकलं. युरोपच्या माहिती-संरक्षणाच्या नियमावलीत, मे २०१८ पासून जी लागू आहे, बरोबर उलटं लिहिलंय : गप्प बसणं, आधीच टिचकी मारून ठेवलेली चौकट, काहीच न करणं, यातलं काहीही संमती नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने कुकीच्याच दाव्यात आधीच टिचकी मारलेली चौकट संमती म्हणून धरायला नकार दिला. आणि ‘स्वीकारा’ ठळक हिरवं, ‘नाकारा’ तीन पानं आत, याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी युरो दंड जाहीर केला.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, विशिष्ट आणि बिनशर्त हवी. शिवाय ती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायचीय. मराठी त्यात आहे. तेव्हा आठवडीबाजारताई, तुमचं हे काम आता कायद्याच्या कामात मोडतं. दर वेळी भाषांतरयंत्रातून काढलेलं ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’ वाचून कुणाला काय कळणार? सरळ ‘मी निवडतो’ लिहा.

पाटपाणी
निवडतो का? निवडते का नाही?

दिवाणीदावा
बरं, ‘निवड करा’.

आणि आणखी एक. ‘गोपनीयता धोरण’ खटकतं. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, म्हणजे सरकारची गुपितं फोडणार नाही. मी कुठल्या गोळ्या घेतो हे गुपित नाही, ते माझं खासगी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला मूलभूत हक्क म्हणून मान्य केलं ते खासगीपण. हिंदीवाल्यांनी ‘निजता’ वेगळा काढला, आपण दोन्हीला एकच लेबल लावून बसलोय.

बोरूबहाद्दर
खासगी शब्दाला वजनही आहे. होळकरांकडे दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. अहिल्याबाईंचा दानधर्म त्या खासगीतून व्हायचा. राज्याच्या तिजोरीशी त्याचा संबंध नाही. हे माझं, इथे दौलतीने हात घालायचा नाही, हा अर्थ शब्दात मुरलेला आहे.

मधलीसुट्टी
खाजगी ना?

बोरूबहाद्दर
खासगी. ‘खास’वरून आलाय.

मधलीसुट्टी
आमच्या अख्ख्या तालुक्यात खाजगी म्हणतात. खाजगी शिकवणी, खाजगी बस. पाटीवर ‘खासगी’ दिसलं की कळतं, पुण्याहून रंगवून आणलीय.

तिरकसटाक
तालुका काय म्हणतो त्यावर शुद्धलेखन ठरत नसतं.

मधलीसुट्टी
मग कशावर ठरतं? फारशीवर? दोन तासांपूर्वी स्मृतिका मागत होतात ना?

तिरकसटाक
विषय बदलू नका.

खारीबटर
एक विचारायचं होतं, ठाणे-डोंबिवलीकडे घरचं सामान घेऊन नानकटाई करून देणारी भट्टी अजून कुणाला माहीत आहे का?

आठवडीबाजार
मंडळी, शुक्रवार झाला. बटणावरून नामच काढलं : ‘सर्व नाकारा’, अठरा अक्षरंही लागली नाहीत. मजकुरात ‘कुकीज’ ठेवलं, तिऱ्हाईत घातलं आणि तपासणाऱ्या बाईंना ते आवडलं. ‘खासगीपण’वर मात्र त्यांनी लाल खूण केलीय. बाजूला लिहिलंय, ‘खाजगीपण?’

बोरूबहाद्दर
बाईंना इथे बोलवा.

पाटपाणी
खारीबटर, डोंबिवली पूर्वेला होती एक. सामान आपलंच लागतं का बघून सांगते.