काल्पनिक झुंजींचा गुणतक्ता : वाघ, अस्वल, मगर, गेंडा... हिशेब कुठे चुकतोय?

कोळसुंदा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बलाढ्य जनावरांच्या काल्पनिक झुंजींसाठी एक गुणतक्ता बनवतो आहे. वजन, चाव्याचा जोर, नखं किंवा शिंगं, वेग आणि दम असे पाच रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज ज्याची जास्त तो विजयी.

पण तक्ता उघडउघड चुकीची उत्तरं देतोय. ८०० किलोचा गवा २२० किलोच्या वाघाला दरवेळी हरवतो, आणि जंगलात तर वाघ पूर्ण वाढलेले गवे मारतो. खाऱ्या पाण्यातली मगर केवळ चाव्याच्या गुणांवर सगळ्यांच्या वर जाऊन बसते. सिंह-वाघ बरोबरीत सुटतात.

विचारायचं ते असं :
१. चाव्याचे आकडे जिथे बघावं तिथे वेगळे दिसतात. कोणते धरायचे?
२. वजनाला किती महत्त्व द्यायचं?
३. पाच रकान्यांत न बसणारं काय राहून गेलंय?

---

कवटीपारखी

चाव्यापुरतं लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

'पीएसआय'मधले (दर चौरस इंचाला इतके पौंड) आकडे तक्त्यातून सरळ काढून टाका. पीएसआय म्हणजे दाब, जोर नव्हे. तोच जोर टोकदार सुळ्यावर पडला तर आकडा प्रचंड दिसतो, झिजलेल्या सुळ्यावर पडला तर निम्म्यावर येतो. दाताच्या टोकाचं क्षेत्रफळ दिलेलं नसेल तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. जोर न्यूटनमध्ये घ्या.

त्यानंतर बघायचं की मोजला कुठल्या दातावर. पक्कडीने जाड तार तोडताना ती खिळीजवळ सरकवावी लागते, टोकाशी धरली तर नुसती दबते. जबड्याचंही तसंच. सांध्याजवळच्या मागच्या दातांवर जोर जास्त, पुढच्या सुळ्यांवर कमी. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा जो १६,४१४ न्यूटनचा आकडा सगळीकडे फिरतो (२०१२ साली प्रसिद्ध झालेली मोजणी, साधारण १,६७० किलो वजन ठेवल्यासारखा भार), तो मागच्या दाताचा आहे आणि जिवंत मगरीवर प्रत्यक्ष मोजलेला आहे. वाघ-सिंहांचे बहुतेक आकडे कवटीच्या मापांवरून काढलेले अंदाज असतात, तेही बऱ्याचदा सुळ्यांचे. हे दोन आकडे एका रकान्यात शेजारी बसवले की तक्ता तिथेच बिघडतो.

तिसरा घोळ 'चावा-गुणांका'चा. संशोधक स्टीव्ह रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जी यादी मांडली, त्यात वाघ १२७, सिंह ११२, जग्वार १३७ आणि टास्मानियन डेव्हिल (ऑस्ट्रेलियाकडचा छोटा मांसाहारी प्राणी) १८१. हा गुणांक शरीराच्या आकाराचा परिणाम वजा करून काढतात. डेव्हिल वाघापेक्षा जोरात चावतो असा त्याचा अर्थ अजिबात नाही. सात-आठ किलोच्या जनावराचा चावा त्याच्या आकाराच्या मानाने जबरदस्त आहे, इतकंच तो सांगतो. झुंजीत समोरच्याच्या मानेवर पडतो तो प्रत्यक्ष जोर, गुणांक नव्हे.

आणि माझ्या मते जोरापेक्षाही दाताचा आकार महत्त्वाचा. मांजरकुळातल्या प्राण्याचा सुळा आडवा कापला तर जवळजवळ गोल दिसतो, म्हणून भक्ष्य धडपडत असताना कुठल्याही बाजूने ताण आला तरी सहसा टिकतो. लांडग्या-कुत्र्यांचा सुळा बाजूंनी चपटा असतो. तो ओरबाडून सोडायला चांगला, घट्ट धरून ठेवायला कमी. वाघ नरडं पकडून काही मिनिटं तसाच लटकून राहू शकतो त्यामागे हा गोल सुळा आहे. तरीही सुळे तुटतातच, मोठ्या शिकारी प्राण्यांच्या कवट्यांमध्ये तुटलेले दात सर्रास दिसतात.

---

आडवाट

कवटीपारखी यांनी चावा निस्तरला आहे. गव्याचं कोडं मी घेतो.

तक्ता झुंजीचा आहे आणि तुम्ही उदाहरण दिलंय शिकारीचं. वाघ गव्याशी झुंजत नाही. तो दबा धरतो, शेवटच्या थोड्या अंतरात मागून किंवा बाजूने झडप घालतो, पुढच्या पंजांनी खांदा-मान धरून स्वतःच्या वजनाने जनावर खाली खेचतो आणि मग खालून नरडं दाबतो. श्वासनलिका बंद झाली की गव्याचं ८०० किलो वजन काही कामाचं राहत नाही. तोच गवा तीस पावलांवरून वाघाला बघून तोंड वळवून उभा राहिला तर वाघ बहुधा निघून जातो. शिंगाचं टोक फासळ्यांत घुसलं तर वाघ त्या दिवशी नाही तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत उपाशी मरतो. एकट्याने शिकार करणाऱ्याला आजारपणाची सुट्टी नसते, लंगडला की संपला. म्हणूनच साळिंदर हे दहा-पंधरा किलोचं जनावर बिबट्या-वाघांचा जीव घेऊ शकतं. काटे पंजात नाही तर जबड्यात रुतून बसतात, जखम चिघळते, धावणं-पकडणं थांबतं. तुमच्या तक्त्यात साळिंदराला शून्याच्या आसपास गुण मिळतील.

तेव्हा रकाने वाढवायच्या आधी प्रत्येक जोडीसाठी प्रसंग लिहा. दोघांनी एकमेकांना किती अंतरावरून पाहिलं? जमीन कशी आहे, झाडी की मोकळं? पळायला वाट आहे का? पणाला काय लागलंय : पिल्लू, मढं, हद्द, की काहीच नाही? आणि जिंकला म्हणजे नक्की काय : दुसरा मेला, पळाला, की मढं सोडून गेला? यातली शेवटची गोष्ट ठरवल्याशिवाय वादच घालू नये. बहुतेक भांडणं तिथेच असतात, एक जण मृत्यूबद्दल बोलतो आणि दुसरा माघारीबद्दल.

'पणाला काय' याचं उत्तम उदाहरण २०१८ मध्ये ताडोबात चित्रित झालं. पिल्लू बरोबर असलेली अस्वलाची मादी आणि तिच्याहून कितीतरी भारी नर वाघ. वाघाने तिला खाली दाबलं होतं, ती चावे घेत, ओरडत सुटली आणि शेवटी वाघालाच मागे हटवलं. वजन, चावा, वेग, तिन्ही रकान्यांत वाघ पुढे. पण वाघाला ती नसती मिळाली तरी चाललं असतं, तिला मात्र हरून चालणार नव्हतं.

वजनाचं विचाराल तर माझा ठोकताळा असा : समोरासमोर, दोघांना एकमेकांची जाणीव असताना, एकाच घडणीच्या जनावरांत (मांजर विरुद्ध मांजर, अस्वल विरुद्ध अस्वल) जो दीडपट भारी, त्याच्यावर डोळे मिटून पैज लावा. घडण वेगळी असली तर वजन हा फक्त पहिला प्रश्न.

---

पाणवठा

मगरीचा रकाना दुरुस्त करायचा असेल तर 'पाण्याची खोली' असा एकच नवा रकाना घाला. पुष्कळ काही सुटेल.

मगरीचा जबडा मिटवणारे स्नायू अफाट, उघडणारे मात्र इतके कमजोर की मिटलेला जबडा माणूस हातांनी दाबून धरू शकतो. पकडलेल्या मगरीचं तोंड चिकटपट्टी गुंडाळून बंद ठेवतात ते याच जोरावर. दुसरं म्हणजे दम. तिचे स्नायू जोराच्या हालचालीत ऑक्सिजनशिवाय चालतात. पहिला मिनिटभर ती विजेसारखी असते, नंतर रक्तात लॅक्टिक आम्ल साठत जातं आणि ती गळते. मोठ्या मगरी फार वेळ झगडल्या तर त्या आम्लानेच मरू शकतात. तुमच्या 'दम' रकान्यात तिला किती दिलेत? दोनच्या वर देऊ नका.

गुडघाभर पाण्यात किंवा काठावर वाघ बाजूने फिरून डोक्यामागे जाऊ शकतो. मगरीला मान झटकन मागे वळवता येत नाही. रणथंबोरच्या मछली वाघिणीने २००३ मध्ये मोठ्या मगरीला मारलं ते असंच कडेच्या भागात. फुकट नाही मारलं, त्या झटापटीत तिचे सुळे गेले. तेच पाणी वाघाचे पाय तळाला टेकत नाहीत इतकं खोल करा. आता त्याला रेटा द्यायला जमीन नाही, पंजाचा फटका पाण्यातच विरतो, आणि मगर पाय किंवा मान धरून स्वतःभोवती गिरकी घेते. तिथे वाघाला मी दहात एकही गुण देणार नाही. जनावरं तीच, खोली दीड-दोन मीटरने बदलली आणि निकाल उलटला.

---

कोळसुंदा

हे सगळं फार उपयोगाचं आहे. गुणांची बेरीज रद्द, आधी प्रसंग लिहिणार. सिंह-वाघ आणि हत्ती-गेंडा यांवर कुणी बोलेल का? सिंहाची आयाळ हे मानेचं चिलखत म्हणून मी दोन गुण जादा दिले होते.

---

गवताळ

आयाळीचे दोन्ही गुण परत घ्या. संशोधक पेटन वेस्ट आणि क्रेग पॅकर यांनी टांझानियातल्या सेरेंगेटीत केलेलं काम २००२ मध्ये छापून आलं. त्यांनी गवतात सिंहाच्या आकाराचे पुतळे उभे केले, काहींना गडद आयाळ, काहींना फिकी. माद्या गडद आयाळीच्या पुतळ्याकडे जास्त गेल्या, नर मात्र त्याला टाळून फिक्याकडे गेले. म्हणजे आयाळ ही मुख्यतः पाटी आहे : मी धडधाकट आहे, लांब राहा. त्या पाटीमुळे कितीतरी झुंजी सुरूच होत नाहीत, तो फायदा आहेच. पण काल्पनिक झुंजीत दोघं भिडतात हे आपण आधीच धरलेलं असतं, तिथे पाटीचे गुण कसे द्यायचे?

सिंह-वाघ बरोबरी हे उत्तर चूक नाही, प्रश्न अर्धा आहे. कुठला सिंह? गीरचा नर साधारण १६० ते १९० किलो. भारतातला मोठा नर वाघ २०० ते २६०. इथे मी वाघाच्या बाजूने. दक्षिण आफ्रिकेतला २२५ किलोचा सिंह आणि सुंदरबनातला लहान चणीचा वाघ घ्या, पारडं फिरतं. सारख्या वजनाचे घेतले तर फरक सवयीचा. नर सिंह कळपाच्या ताब्यासाठी दुसऱ्या नरांशी भिडतो, अनेकदा भावांच्या साथीने. वाघ एकटा आणि जमेल तितकी टाळाटाळ करणारा, पण मागच्या पायांवर उभा राहून दोन्ही पंजे चालवण्यात सरस. जुन्या काळच्या आखाड्यांतले निकाल दाखले म्हणून आणू नका. ती जनावरं पिंजऱ्यातली, उपाशी किंवा आजारी, आणि पळायला वाट नसलेली.

एकटा की कळप हा रकाना मात्र पाहिजेच. बोत्स्वानातल्या सावुतीत मढ्यावरच्या सिंहिणींना तरसं हुसकावतात, पण त्यासाठी एका सिंहिणीमागे साधारण चार तरसं लागतात. तिथे एक मोठा नर सिंह असला की हे गणित कोसळतं.

हत्ती-गेंड्याबद्दल खरा पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पिलानेसबर्ग अभयारण्यात १९९२ ते १९९७ या काळात तरुण नर हत्तींनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. दोन टनांचं, शिंगवालं, जाड कातडीचं जनावर असूनही. ते हत्ती लहानपणीच कळपापासून तुटलेले होते. वर मोठे नर नाहीत, त्यामुळे वयाच्या मानाने फार लवकर मस्तीत (नर हत्तींना अधूनमधून चढणारा आक्रमक माज) येत आणि मस्ती लांबत असे. १९९८ मध्ये तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून सहा मोठे नर आणून सोडले आणि गेंडे मरायचे थांबले. गेंड्यासमोरचा हत्ती मस्तीत आहे की नाही, हे वजनाच्या आधी लिहा.

---

कोळसुंदा

मग नव्या पद्धतीने पहिला प्रसंग : रशियाच्या अतिपूर्वेकडचं सिखोटे-अलिनचं जंगल, जानेवारी, गुडघाभर बर्फ. १९० किलोचा नर वाघ, ३०० किलोचा नर तपकिरी अस्वल. वाघाने मारलेल्या रानडुकराच्या मढ्यावर दोघं समोरासमोर, अंतर तीस मीटर. जिंकणं म्हणजे मढं ताब्यात राहणं.

---

आडवाट

प्रसंग छान बांधलात, पण जानेवारी चालणार नाही. त्या महिन्यात धडधाकट तपकिरी अस्वल गुहेत झोपलेलं असतं. बाहेर हिंडणारं सापडलंच तर ते चरबी न साठवता आलेलं, भुकेलं आणि जिवावर उदार झालेलं. त्याचा हिशेब वेगळाच. एप्रिल घेतलात तर अस्वल हिवाळ्यातून उठलेलं, तुमच्या ३०० किलोतले बरेच किलो गळालेले. ऑक्टोबरची अखेर घ्या : अस्वल चरबीने सर्वांत भारी आणि खा-खा सुटलेलं.

त्या दिवसांत, तीस मीटरवरून, मढं माझ्या मते अस्वलाचं. दबा संपला, म्हणजे वाघाचं निम्मं हत्यार गेलं. अस्वलाची मान चरबी आणि केसांनी इतकी जाड की समोरून नरडं पकडणं अवघड. त्याची नखं वाघासारखी आकड्याची नसली, बोथट असली, तरी फटक्यामागे ३०० किलो आहेत. तिकडची अस्वलं वाघाच्या मागावर राहून त्याची मढी बळकावतात. वाघही अस्वलं मारतो, पण बहुतांशी माद्या आणि लहान अस्वलं, आणि तेही बेसावध गाठून. मोठ्या नराशी उघड्यावर सहसा नाही.

आता एक गोष्ट लिहायची राहिली : डुक्कर कधी मारलंय? वाघ पुठ्ठ्याकडून (ढुंगण-मांडीच्या भागाकडून) खायला सुरुवात करतो आणि एका बैठकीत २५-३० किलो मांस संपवू शकतो. मागचा भाग संपलेला असेल, तर तो थोडं गुरगुरून उठून जाईल. पुठ्ठा अजून शाबूत असेल आणि वाघ तीन-चार दिवसांचा उपाशी असेल, तर अस्वलाला मढ्याभोवती बराच वेळ घिरट्या घालाव्या लागतील.