आईला पावसात दूधसागर रेल्वेतून दाखवायचाय, रूट कसा लावू?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. आईचं वय ७१, दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढताना हात धरावा लागतो, बाकी तब्येत ठणठणीत आणि फिरायची हौस प्रचंड. ती मूळची मिरजेची. तिसरी-चौथीत असताना मामाबरोबर मीटरगेजच्या (जुन्या अरुंद रुळांच्या) गाडीने गोव्याला गेली होती, तेव्हा डब्याच्या खिडकीतून दूधसागर बघितलेला आणि पाण्याचे तुषार तोंडावर आलेले, ते ती अजून सांगते. आता तिचं एकच मागणं आहे, तसाच परत एकदा बघायचा, पावसात आणि गाडीतूनच.

मागच्या वर्षी प्रयत्न केला. एका एजंटने खात्री दिली की पुण्याहून या गाडीने जा, घाट उजेडात लागतो. प्रत्यक्षात घाटाच्या अलीकडचं लोंढा स्टेशन गेलं तेव्हा मिट्ट काळोख. आई उठून काचेला कपाळ लावून बसली, मी मोबाईलची बॅटरी बाहेर मारून बघितली तर पावसाच्या रेघांपलीकडे काही नाही, नुसता घोंघावल्यासारखा आवाज आला आणि गेला. ती म्हणाली, असू दे रे, ऐकू तरी आला. मला ते फार लागलं.

यंदा जुलैच्या शेवटी ५ दिवस सुट्टी मिळतेय. मी, बायको (वय ४६) आणि आई. कुठली गाडी, कुठल्या बाजूने, विस्टाडोम (मोठ्या काचांचा डबा) घ्यावा का, आणि आईला खालचा बर्थ नक्की मिळेल असं काही करता येतं का? पैशापेक्षा तिचा त्रास कमी होणं महत्त्वाचं आहे.

रूळवेडी

दादा, तुमचं गणित एकाच ठिकाणी चुकलं, दिशा. गोवा एक्स्प्रेस पुण्याहून वास्कोकडे जाताना हा घाट रात्रीच उतरते, पण तीच गाडी परत येताना वास्कोहून दुपारी निघते आणि घाटाखालच्या कुळ्यापासून वरच्या कॅसलरॉकपर्यंतचा चढ दिवसाउजेडी चढते, पहाटे तुम्ही पुण्यात. म्हणजे जाताना दुसरीकडून जायचं आणि येताना ही पकडायची. रोज आहे, गाडी बदलायची नाही, आईंना पुलावरून चढउतार नाही.

आता जायचं कसं. पाच दिवस आहेत तर सरळ गोल चक्कर करा, मी माझ्या सासूबाईंना असंच नेलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी ७:१५ ची डेक्कन क्वीन, तिला विस्टाडोम आहे, म्हणजे बोरघाट मोठ्या काचेतून बघून होतो. मुंबईत किंवा ठाण्यात कुणा नातेवाइकांकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी मांडवी एक्स्प्रेस, सीएसएमटीहून सकाळी ७:१० ला सुटते, ठाण्याला पण थांबते, आणि अख्खं कोकण दिवसा दाखवते. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालवतात म्हणून मडगावला रात्र होते, हॉटेल स्टेशनजवळचंच घ्या. तिसरा दिवस पूर्ण आराम, हा दिवस अजिबात कापू नका. चौथ्या दिवशी दुपारी मडगावहून गोवा एक्स्प्रेस. बोरघाट, कोकण आणि दूधसागरचा हा ब्रागांझा घाट, तिन्ही एका फेरीत.

मांडवीत जाताना डाव्या हाताला बसा, सह्याद्री त्या बाजूला राहतो. समुद्र दिसेल म्हणून लोक उजवी खिडकी धरतात पण कोकण रेल्वेवरून समुद्र जवळजवळ दिसतच नाही, खाड्या आणि नद्या दिसतात. चिपळूण सोडलं की जागं राहा. उक्षीला स्टेशनजवळच रानपाटचा धबधबा, मग लगेच करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा (आईंना आधीच सांगून ठेवा, बराच वेळ अंधार असतो, सासूबाई घाबरल्या होत्या), मग रत्नागिरी, आणि रत्नागिरीनंतर पानवल नदीचा पूल, ६४ मीटर उंच. खाली बघितलं तर माडांचे शेंडे पायाखाली असतात.

वेळा निघायच्या आदल्या दिवशी परत तपासा, पावसात बदलतात.

खिडकी_उघडी_ठेवा

रूट एकदम बरोबर, पण एसी आणि विस्टाडोमबद्दल माझं मत वेगळं आहे. आईंना तुषार तोंडावर हवेत ना? मग काच बंद असलेल्या डब्यात ते कसे मिळणार? थ्री एसीच्या काचा पावसात बाहेरून ओघळलेल्या आणि आतून धुरकटलेल्या असतात, दर दोन मिनिटाला पुसत बसावं लागतं आणि बाहेरून पुसता येत नाही ते नाहीच. घाटाच्या टप्प्यासाठी मी स्लीपरच घेतो, खिडकी वर, लोखंडी गजातून हात बाहेर न काढता नुसतं तोंड जवळ नेलं तरी चेहरा ओला होतो. भिजलेल्या मातीचा वास, बोगद्यात शिरताना एकदम येणारा गारवा, मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांचा आवाज, हे सगळं काचेआड जातं.

विस्टाडोम बोरघाटात घ्या, तिथे मजा आहे. दूधसागरला मात्र उघडी खिडकी.

रूळवेडी

मान्य, पण रात्रभराचा प्रवास ७१ व्या वर्षी स्लीपरमध्ये, पावसाचं पाणी आत येतंय, गर्दी आहे, बाथरूमपर्यंत वाटेत माणसं बसलीत, याचाही विचार करा.

खिडकी_उघडी_ठेवा

मग मधला मार्ग सांगतो. तिकीट थ्री एसीचंच काढा, आणि कुळे आलं की डब्याच्या टोकाला दाराजवळच्या मोकळ्या जागेत आईंना फोल्डिंग स्टूलवर बसवा, दारापासून आत, तुम्ही दाराच्या आणि त्यांच्या मध्ये. दार उघडं असलं तर हवा आणि तुषार आत येतातच. दारात उभं राहू देऊ नका, पायरीवर तर नाहीच, घाटात गाडी हळू असली तरी वळणांवर झटका बसतो.

बेळगावचा_बाळू

मी बेळगावचा, या घाटातून लहानपणापासून जातोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

कुळ्याला गाडी थांबली की घाई करू नका, तिथे मागून बँकर इंजिनं जोडतात. घाट २६ किलोमीटरचा आणि चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पुढची इंजिनं ओढतात, मागची ढकलतात, आणि वळणावर स्वतःच्याच गाडीचं शेपूट खिडकीतून दिसतं. कुळ्यानंतर सोनावळी, मग दूधसागर, मग कारंझोळ, मग कॅसलरॉक, हा क्रम आईंना सांगून ठेवा, म्हणजे त्यांना स्वतःला कळेल आता जवळ आलं.

खिडकी कुठल्या बाजूची यावर लोक भांडतात. माझा अनुभव असा की धबधबा आधी लांबून दरीपलीकडे दिसतो आणि मग गाडी थेट त्याच्या पुढ्यातल्या पुलावरून जाते. पुलावर एका बाजूला पाणी वरून अंगावर येतं आणि दुसऱ्या बाजूला तेच पाणी पुलाखालून खाली दरीत जाताना दिसतं. दोन्ही बाजू बघण्यासारख्या आहेत, म्हणून वर सांगितलेली दाराजवळची जागा चांगली, तिथून दोन्हीकडे मान वळवता येते. पूल पार व्हायला फार वेळ लागत नाही, तेव्हा फोटो तुम्ही काढा, आईंच्या हातात मोबाईल देऊ नका, त्यांना नुसतं बघू द्या.

गाडी थांबली तरी खाली उतरायचं नाही. २०२३ च्या जुलैत रुळावरून चालत गेलेल्या पोरांना पकडून उठाबशा काढायला लावल्या होत्या आणि रेल्वेने स्पष्ट सांगितलं होतं की दूधसागर डब्यात बसूनच बघा. रुळावर चालणं रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे, पण कायद्यापेक्षा मी म्हणेन त्या निसरड्या खडीवर आणि अरुंद बोगद्यात जीव जातो. खालून जीपने जाणं पावसाळ्यात तसंही बंद असतं.

एक मनापासून सांगतो, जुलैच्या शेवटी धुकं असण्याची शक्यता मोठी. पाणी तुफान असतं पण कधी कधी पूल आला तरी समोर पांढरा पडदा आणि नुसती गर्जना. तुमच्या आईने एकदा नुसता आवाज ऐकलाय, परत तसं व्हायला नको. सुट्टी सरकवता येत असेल तर सप्टेंबर बघा, पाणी भरपूर असतं आणि पाऊस मध्येमध्ये उघडतो. फक्त गणपतीच्या आसपासचे दिवस टाळा, कोकणातल्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

आणि कॅसलरॉकला फलाट नीट बघा. पोर्तुगीज असताना इकडची हद्द तिथे संपायची, कस्टमची तपासणी तिथे आणि पलीकडची कुळ्याला. माझे आजोबा सांगायचे, ट्रंका उघडून फलाटावर मांडायला लागायच्या, आजीने लोणच्याची बरणी पातळात गुंडाळलेली तीसुद्धा सोडवून बघितली. गाडी १८८८ पासून या घाटात चालतेय. आईंनी लहानपणी जे बघितलं तो हाच मार्ग, फक्त रूळ रुंद झालेत. त्यांना विचारा, काय काय आठवतंय ते सगळं सांगतील.

डबा_सोबत

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! मांडवीत उपाशी राहायची भीती नाही, खाण्यासाठीच तिचं नाव आहे, दिवसभर माणसं काही ना काही घेऊन फिरत असतात. डेक्कन क्वीनला डायनिंग कार आहे, आईंना तिथपर्यंत चालवत नेणं जमलं तर न्या, टेबलावर बसून नाश्ता करत घाट उतरायला फार छान वाटतं. गोवा एक्स्प्रेससाठी मात्र मडगावहूनच पोळीभाजी बांधून घ्या, आणि थर्मासमध्ये चहा. घाटात गारठा येतो, शाल पिशवीत तळाशी ठेवू नका.

सिंहगडरोडकर

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. आईला बाळूदादांची पोस्ट वाचून दाखवली. बरणीचं ऐकून म्हणाली, मामाच्या ट्रंकेत पण अंबाबाईच्या प्रसादाचा पुडा होता. हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

ऑफिसात बोललो, सुट्टी सप्टेंबरच्या शेवटी सरकवतोय, गणपतीनंतर. तिकीट ६० दिवस आधी उघडतं त्या दिवशी सकाळी आठला बसतोच. फक्त खालच्या बर्थचं सांगा, तिघांचं एकत्र काढलं की आईला मधला आला तर काय करायचं?

रूळवेडी

तिघांचं एकत्र काढू नका. आई आणि वहिनींचं वेगळं तिकीट काढा, सीनियर सिटीझन म्हणजे लोअर बर्थच्या कोट्यातून. त्यात बायकांना ४५ पूर्ण लागतात आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं चालतात, म्हणजे वहिनी बसतात. तिसरा माणूस घातलात की तो कोटा लागू होत नाही. तुमचं एकट्याचं जनरल कोट्यातून, त्याच वेळी दुसऱ्या मोबाईलवरून. डबा वेगळा आला तर चढल्यावर टीसीला सांगा, वरचा देऊन खालचा घ्यायला लोक पटकन तयार होतात पण वरचा घेऊन खालचा कुणी देत नाही, म्हणून आईंचा आधी पक्का करा. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका.

आणि मडगावला व्हीलचेअर मागा, लाजू नका. फलाट लांब आहे, आईंचे पाय संध्याकाळसाठी राखून ठेवा.

बेळगावचा_बाळू

गाडी बेळगावला रात्री येते. तारीख ठरली की इथे टाका, फलाटावर कुंदा घेऊन येतो, मिरजेच्या माणसाला रिकाम्या हाताने पुढे जाऊ देत नाही आम्ही.