अंडरटेकर हरला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

परवा डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती बघणारा भाचा विचारतो, मामा, २०२५ मध्ये सीना हील झाला तेव्हा तुला कसं वाटलं. आमच्या वेळी हील म्हणजे चपलेची टाच, पैलवानांना आम्ही नुसतं चांगला आणि खराब म्हणायचो, हील म्हणजे त्यातला खराब. तर धागा असा, की २०१४ च्या रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, लेस्नरने अंडरटेकरची तिथल्या २१ विजयांची साखळी तोडली ते तुम्हाला कसं कळलं? विषय भरकटला तरी चालेल.

सातपूरकर: थर्ड शिफ्ट सुटून बसस्टॉपवर उभा होतो, संध्याकाळी रिपीट बघायचं ठरलेलं, आणि फेसबुक उघडलं तर कोणाचं तरी स्टेटस, २१-१. बस्स. एवढंच. बस गेली निघून. टेकर हरल्यावर टीव्हीवर दिसलेला तो तोंड वासून बघणारा प्रेक्षक अजून आमच्या ग्रुपचा स्टिकर आहे. लहानपणी सिडकोत एका टीव्हीसमोर दहा पोरं बसायचो, तेव्हा शेवट फोडला असता तर मार खाल्ला असता त्याने.

लाल माती: टेकरचं माहीत नाही, मी पंचवटीत तालमीत जायचो. वस्ताद म्हणायचे नाटक आहे रे ते, बघू नका. २००७ ला खली चॅम्पियन झाला तर हळूच विचारतात, तो पट्टा सोन्याचा असतो का 😄 मागे त्यांना फोनवर १९९८ चा मॅनकाइंड दाखवला, पिंजऱ्याच्या छतावरून थेट टेबलावर पडतो तो. तीनदा बघितलं. म्हणे निकाल ठरलेला असेल, पण पडणं कोण ठरवणार, आणि खाली माती पण नाही.

कॉलेज रोडची: बायकांची मॅच लागली की दादा पाणी प्यायला उठायचा. २०१९ ला बेकी लिंच, राउझी आणि शार्लट रेसलमेनियाच्या मेन इव्हेंटला, म्हणजे शेवटच्या मुख्य मॅचला, मी घरी एकटी ओरडत होते. पण ऑनलाइन काही लिहिलं की लगेच, बरं, पाच जणींच्या फिनिशरची, म्हणजे मॅच संपवणाऱ्या डावाची, नावं सांग. भावा, तू तुझ्या पाच सांग आधी.

दहावी ब: मी तेव्हा चार वर्षांचा होतो. आता रॉ, म्हणजे दर आठवड्याचा शो, नेटफ्लिक्सवर, मंगळवारी पहाटे लाइव्ह. कोण जिंकणार यावर आम्ही भांडत नाही, त्याला का जिंकवलं यावर भांडतो. पप्पा मागे उभे राहून अजून विचारतात, अरे पण लागतं का रे त्यांना?